थर्मामीटरला न दिसणारी उष्णता

इंजेक्शन देण्यापूर्वी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते आणि तेवढी जागा एकदम गार पडते. बऱ्याच पेशंटना वाटते की स्पिरिट फ्रिजमध्ये ठेवलेले असावे. प्रत्यक्षात ती बाटली दिवसभर टेबलावरच असते. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात वॉर्डातले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की बाटलीतले स्पिरिटही जवळपास तेवढेच तापते. म्हणजे ते तुमच्या कातडीपेक्षा गरम असते. तरीही दंडावर लावले की गारच लागते. स्वतः गरम असलेली वस्तू आपल्याला थंड कशी काय करते?

या प्रश्नाचे उत्तर आपण सगळे शाळेत शिकलेले असतो. उष्णता, तापमान, स्थायू-द्रव-वायू हा धडा पाठ करून, चार मार्क मिळवून आपण तो विसरून जातो. पण सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला तो विसरता येत नाही. लसीच्या डब्यापासून भाजलेल्यांच्या वॉर्डापर्यंत आणि एप्रिलपासून उघडणाऱ्या उष्माघात कक्षापर्यंत तो धडा रोज समोर उभा असतो.

पहिली गोष्ट, उष्णता आणि तापमान एक नव्हेत. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर उडतात. त्या ठिणगीचे तापमान १००० अंशांच्या आसपास असते, तरी एखादी चिमुकली ठिणगी हातावर टिचकी मारल्यासारखी लागते आणि विझते. (विझलेल्या फुलबाजीच्या तारेवर पाय पडला तर मात्र गाठ आमच्याशी असते.) उलट ७० अंशांच्या पाण्याची बादली अंगावर सांडली तर माणूस आठवडेच्या आठवडे वॉर्डात राहतो. ठिणगीचे तापमान प्रचंड, पण तिच्यात उष्णता चिमूटभर. बादलीचे तापमान त्या मानाने किरकोळ, पण उष्णता भरपूर. पदार्थातले कण सरासरी किती वेगाने धडपडत आहेत हे तापमान सांगते. एका वस्तूतून दुसरीत एकूण किती ऊर्जा गेली, हे उष्णता सांगते. थर्मामीटर फक्त पहिली गोष्ट मोजतो.

कपाळावर ठेवलेला आईचा हात तर धड तेही मोजत नाही. हाताला कळतो तो उष्णतेचा ओघ, म्हणजे उष्णता हातात येते आहे की हातातून जाते आहे आणि किती झपाट्याने. म्हणून हिवाळ्यात सकाळी स्टीलचे ताट गार लागते आणि शेजारचा लाकडी पाट तितका गार लागत नाही. दोघांचे तापमान एकच असते. नुकत्याच भांडी घासलेल्या गार हाताला प्रत्येक मूल तापलेले वाटते. ‘अंग हाताला गरम लागतंय’ ही तक्रार आम्ही ऐकून घेतो, पण थर्मामीटर लावल्याशिवाय तापाचे औषध लिहीत नाही, ते यासाठी.

आता थर्मामीटरही जिथे गप्प बसतो त्या जागेकडे येऊ. ही जागा शोधणारा माणूस डॉक्टरच होता याचे मला नेहमी अप्रूप वाटते. जोसेफ ब्लॅक हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक होते. १७६० च्या सुमारास त्यांनी एक साधा प्रयोग केला. दोन सारखी काचपात्रे घेतली. एकात बर्फाइतके थंड पाणी, दुसऱ्यात तितकाच बर्फ. दोन्ही एकाच खोलीत टांगून ठेवली. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने वाढले. बर्फाला वितळून त्याच तापमानाला पोहोचायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीसपट वेळ. दोन्ही पात्रांत खोलीतली उष्णता सारख्याच वेगाने शिरत होती. मग साडेदहा तास ती उष्णता गेली कुठे? बर्फ वितळत असताना त्याचे तापमान तर शून्य अंशांवरून हललेच नाही. ब्लॅक यांनी निष्कर्ष काढला, की ती उष्णता बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडली. थर्मामीटरला न दिसणाऱ्या या उष्णतेला आपली पाठ्यपुस्तके ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. ब्लॅक विद्यार्थ्यांना सांगत, की असे नसते तर थंड देशांत वसंत ऋतूतल्या पहिल्या उबदार दिवशी सगळा बर्फ एकदम वितळून हाहाकार माजला असता.

असे का होते ते समजायला आपली एसटी पुरेशी आहे. आपापल्या सीटवर घट्ट बसलेले प्रवासी म्हणजे स्थायू. जागच्या जागी थोडे हलतील, पण जागा सोडणार नाहीत. मधल्या बोळात एकमेकांना खेटून, सरकत, वाट काढत उभे असलेले म्हणजे द्रव. स्टँडवर उतरून चारी दिशांना पांगलेले म्हणजे वायू. सीटवरच्या माणसाला उठवायला जोर लावावा लागतो, आणि त्या खच्चून भरलेल्या गाडीतून बाहेर पडायला तर फारच. पदार्थाच्या कणांचेही तसेच आहे. एकमेकांना धरून ठेवणारी ओढ तोडण्यात ऊर्जा खर्च होते आणि तेवढ्या वेळापुरता त्यांचा सरासरी वेग वाढत नाही. वेग वाढत नाही म्हणून तापमानही वाढत नाही.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी लागते. १ ग्रॅम बर्फ शून्य अंशावरच वितळवायला ८० कॅलरी लागतात. आणि १०० अंशांच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी. (वजन कमी करणारी मंडळी जिला कॅलरी म्हणतात ती खरे तर किलोकॅलरी, म्हणजे याच्या हजारपट. हा घोळ आता निस्तरण्यापलीकडे गेला आहे.)

यातला ८० चा आकडा आपल्या लसीकरण मोहिमेत रोज वापरला जातो. आरोग्य केंद्रातून गावात लस नेताना निळ्या डब्यात चार बाजूंनी बर्फाच्या चपट्या बाटल्या, म्हणजे आइसपॅक ठेवतात. हे आइसपॅक ज्या डीप फ्रीझरमध्ये गोठवतात तिथले तापमान उणे १५ ते उणे २५ अंश असते. तिथून काढून थेट डब्यात घातले तर लस गोठू शकते. कावीळ-बी, पेंटाव्हॅलेंट, धनुर्वात यांच्या लसी गोठल्या की बाद. त्यांच्यात ॲल्युमिनियमच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात, ते गोठताना एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि लसीचा गुण जातो. पुन्हा वितळल्यावर बाटली वरवर पाहता ठीकठाकच दिसते.

म्हणून नियम असा, की आइसपॅक बाहेर काढून टेबलावर ठेवायचे, त्यांना बाहेरून घाम सुटेपर्यंत थांबायचे आणि कानाशी धरून हलवायचे. आत पाण्याचा आवाज आला की मगच डब्यात. नव्या मुलींना प्रश्न पडतो, बर्फ वितळू दिला तर थंडावा वाया जात नाही का? फारसा जात नाही. बर्फाला उणे २० पासून शून्यापर्यंत यायला ग्रॅममागे जेमतेम १० कॅलरी लागतात. खरा साठा त्यापुढच्या ८० कॅलरींत आहे आणि तो जवळजवळ शाबूत असतो. शिवाय आत बर्फ आणि पाणी दोन्ही असेपर्यंत बाटली शून्य अंशावर अडून बसते, ना खाली जाते ना वर. उन्हात पाड्यापाड्यांवर फिरणारी एखादी सिस्टर आइसपॅक कानाशी धरून हलवते तेव्हा ती ब्लॅकसाहेबांचाच प्रयोग करत असते.

५४० चा आकडा मात्र भाजलेल्यांच्या वॉर्डात भेटतो. उकळते पाणी १०० अंशांचे आणि त्याची वाफही १०० अंशांचीच. थर्मामीटरच्या लेखी दोन्ही सारखीच. पण हातावर १ ग्रॅम उकळते पाणी पडून ते अंगाच्या तापमानापर्यंत निवले तर साधारण ६३ कॅलरी देते. १ ग्रॅम वाफ हातावर लागली तर ती आधी पाणी होते आणि तेव्हाच ५४० कॅलरी देऊन टाकते. मग त्या पाण्याच्या ६३ वेगळ्या. जवळपास दहापट फरक. कुकरच्या शिट्टीतून निघणारा पांढरा लोट वाफेचा नसतो, निवून झालेले ते पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ शिट्टीच्या तोंडाशी, जिथे काहीच दिसत नाही तिथे असते आणि हात नेमका तिथे जातो. करोनाच्या काळात घरोघरी वाफारे घेण्याची लाट आली होती. पातेले, टॉवेल आणि मांडीवर लहान मूल या त्रिकुटाचा मी तेव्हापासून धसका घेतला आहे, कारण पातेले कलंडले की वाफ आणि पाणी दोन्हींची भर पडते. भाजल्यावर नळाचे साधे वाहते पाणी २० मिनिटे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. एवढे सांगून मी मुख्य विषयाकडे येतो, आणि तो आहे घाम.

माणसाचे शरीर ही सतत पेटलेली चूल आहे. नुसते बसून राहिले तरी मध्यम बांध्याचा माणूस तासाला ७०–८० किलोकॅलरी उष्णता तयार करतो, म्हणजे जुन्या काळच्या ८०–१०० वॉटच्या पिवळ्या बल्बइतकी. ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर काय होईल? साठ किलोच्या माणसाचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचे तापमान तासाला दीड अंशाने चढेल. तोच माणूस खडी फोडत असेल, ऊस तोडत असेल किंवा स्लॅब टाकत असेल तर तो तासाला ४०० किलोकॅलरीपर्यंत उष्णता तयार करतो. त्याचे तापमान दर सात-आठ मिनिटांना १ अंश वाढेल. अर्ध्या तासात तो मरणाच्या दारात असेल. आपण मरत नाही, कारण उष्णता अखंड बाहेर जात असते.

एरवी तिला जायला बऱ्याच वाटा असतात. गार फरशीला ती स्पर्शातून जाते, वाऱ्याबरोबर जाते, आणि स्पर्शाशिवाय नुसत्या किरणांच्या रूपानेही जाते. पण उष्णता गरमाकडून थंडाकडेच वाहते. उन्हाळ्यात कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली, की या सगळ्या वाटा बंद होतात. बंद होतात म्हणण्यापेक्षा उलट्या वाहू लागतात आणि हवा, भिंती, पत्रे सगळे मिळून आपल्याला तापवू लागतात. तेव्हा एकच वाट उरते, पाण्याची अवस्था बदलण्याची. घाम कातडीवर येतो आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो कातडीतून उचलतो. उकळी येण्याची गरज नसते. द्रवातले जे कण जास्त वेगवान असतात ते कोणत्याही तापमानाला निसटून जातात आणि मागे मंद कण उरतात. दंडावरच्या स्पिरिटचे रहस्य हेच. ते पाण्याहून भराभर उडते, म्हणून जास्त गार लागते. त्याचे स्वतःचे तापमान काय होते, हा प्रश्नच गौण ठरतो.

या वाटेची ताकद किती? १ लिटर घामाची वाफ झाली, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. फ्रिजमधले १० अंशांचे १ लिटर गार पाणी प्यायलात, तर ते अंगाच्या तापमानाला येईपर्यंत केवळ २७ किलोकॅलरी शोषून घेते. वीसपटीहून अधिक फरक. गार पाण्याने घशाला सुख वाटते हे खरे, पण उन्हाळ्यात पाणी प्यायचे ते पुढच्या घामाचा कच्चा माल म्हणून. तो माठातला असो की नळाचा, घामाला फरक पडत नाही. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून दिवसभर उन्हात राबणाऱ्याने नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस घ्यावे.

मात्र यात एक अट आहे आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. घाम येणे पुरेसे नाही, तो उडाला पाहिजे. कपाळावरून ओघळून मातीत पडलेला घाम किंवा रुमालाने टिपून घेतलेला घाम शरीरातले पाणी घेऊन जातो, पण थंडावा जवळजवळ काहीच देत नाही. आणि घाम उडणार की ओघळणार हे ठरते हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना घाम आल्या आल्या उडतो. घाम आलाच नाही असे वाटते, पण संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना माणूस निथळत असतो आणि निवत मात्र नाही.

हा फरक मोजण्याची जुनी आणि नामी युक्ती आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळायचे आणि वारा घालायचा. पाणी उडून फडके जितके थंड होईल ते त्या हवेचे ‘ओले तापमान’. घाम आपल्याला जास्तीत जास्त किती गार करू शकतो, त्याची ती सीमा. वर सांगितलेल्या नागपूरच्या हवेत ते साधारण २३–२४ अंश निघते आणि मुंबईच्या हवेत २९. म्हणजे कोरड्या थर्मामीटरवर ११ अंशांनी ‘थंड’ असलेल्या मुंबईत घामाचे काम जास्त कठीण असते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात घर गारेगार करतो आणि कोकणात घराची वखार करून टाकतो, ते याच कारणाने. माठाचेही तेच. त्याच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी उडते म्हणून आतले पाणी गार होते. रत्नागिरीत माठ तितका रंगात येत नाही.

ओले तापमान ३५ अंशांवर गेले तर निरोगी माणूस, सावलीत, उघड्या अंगाने, पंख्याखाली स्वस्थ बसूनसुद्धा काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असा हिशेब स्टीव्हन शेरवुड आणि मॅथ्यू ह्यूबर या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडला. तो हिशेब कागदावरचा होता. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट स्वयंसेवकांना उष्ण-दमट खोलीत ठेवून प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा शरीराचे तापमान ३१ अंशांच्या आसपासच्या ओल्या तापमानालाच चढू लागलेले दिसले. म्हातारी माणसे, हृदयरोगी आणि कष्टकरी यांची सीमा याहून खाली असणार हे उघड आहे. आपला किनारा या आकड्यांपासून फार लांब नाही.

१६ एप्रिल २०२३ ची आठवण इथे टाळता येत नाही. नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या भव्य समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरात नोंदले गेलेले कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातल्या अनेकांनी तेव्हा विचारले, अडतीसला माणसे कशी मरतात? आमच्याकडे तर तो मार्च महिना! अडतीसच्या आकड्याने सगळे सांगितले नव्हते. हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत, हवेशीर पेटीत. मैदानात बसलेल्या माणसाला वरून सूर्य आणि खालून तापलेली जमीन भाजत असते. दाटीवाटीने बसल्यावर वारा अडतो आणि शेजाऱ्याच्याही अंगाची धग लागते. त्यात किनाऱ्यावरची दमट हवा. घाम ओघळत राहतो, पाणी संपत जाते, उष्णता आतच साठते. हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. मैदानी भागात ४० अंशांखाली उष्णतेची लाट धरत नाहीत, पण किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच तिचा विचार होतो.

आणखी एक गोष्ट, शरीराला घाम गाळायलाही शिकावे लागते. उन्हात कामाला लागल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस शरीर हळूहळू तयार होते. घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून गावाकडून नुकताच आलेला मजूर, सुट्टीनंतर एकदम मैदानात उतरलेला पोलीस भरतीचा मुलगा, मार्चच्या अखेरीस आलेली पहिली लाट हे सगळे जास्त धोक्याचे. म्हातारपणी घामाच्या ग्रंथी मंदावतात आणि तहानही नीट कळत नाही. मानसिक आजारांवरची काही औषधे आणि जुन्या पिढीतल्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या घाम कमी करतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगातले पाणी कमी करतात. ही औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पण उन्हाळा लागताना डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोलावे. खिशात कांदा ठेवण्याची पद्धत आमच्या भागात अजून आहे. त्याने उष्णतेचे काही बिघडत नाही. डोक्याला गुंडाळलेले पांढरे उपरणे मात्र ऊन अडवते, आणि ओले करून गुंडाळले तर चक्क कूलरचे काम करते.

पंख्याबद्दल लोक नेहमी विचारतात. पंखा हवा गार करत नाही, तो घाम उडवायला मदत करतो. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली आणि अंग कोरडे असेल, तर पंखा भट्टीचा वारा घालतो आणि माणूस उलट तापतो. पत्र्याच्या घरात पंखा लावून आजोबांना झोपवून घरची माणसे कामाला जातात, तेव्हा धोका हाच असतो. अंगावर ओला पंचा टाकला, अधूनमधून पाणी शिंपडले, की तोच पंखा उपयोगी पडतो. कारण आजोबांना न येणारा घाम आपण बाहेरून पुरवलेला असतो.

आता ताप आणि उष्माघात यातला फरक, कारण इथे गोंधळ झाला की जीव जातो. दोन्हींत थर्मामीटर चढतो. पण तापात मेंदूतले तापमान-नियंत्रक केंद्र स्वतःच काटा वर सरकवते. जंतूंशी लढताना शरीराला ३९ अंश हवे असतात, म्हणून ते हुडहुडी भरवून उष्णता तयार करते आणि पांघरूण मागते. पॅरासिटॅमॉल तो काटा पुन्हा खाली आणते. उष्माघातात काटा ३७ वरच असतो. शरीर जिवाच्या आकांताने थंड व्हायला बघते, पण उष्णता बाहेर पडत नाही. काटा मुळात हललेलाच नाही तिथे पॅरासिटॅमॉल काय खाली आणणार? यकृत आणि मूत्रपिंडे आधीच होरपळत असतात, त्यांच्यावर औषधाचा बोजा पडतो इतकेच.

उष्माघाताची खूण नुसता आकडा नव्हे. अंगाचे आतले तापमान ४० च्या वर, आणि त्याबरोबर मेंदूचे बिघडणे. माणूस असंबद्ध बोलतो, झिंगल्यासारखा चालतो, चिडतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. उन्हात अशा माणसाला ‘प्यायलेला दिसतोय’ म्हणून लोक बाजूला सारतात. कातडी कोरडीच असेल असेही नाही. राबता राबता कोसळलेला तरुण घामाने भिजलेला असू शकतो. काखेतला थर्मामीटरही अशा वेळी फसवतो आणि आतल्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. तेव्हा उन्हात किंवा उकाड्यात बरळायला लागलेल्या माणसाला, थर्मामीटर काहीही म्हणो, उष्माघात समजूनच हालचाल करावी.

हालचाल म्हणजे आधी थंड करणे आणि मग हलवणे. १०८ ला फोन लावावा, पण गाडीची वाट बघत नुसते उभे राहू नये. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ च्या आसपास आणता आले तर मेंदू, मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता फार वाढते. सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत किंवा काढावेत. तरणाताठा माणूस असेल आणि टाकी, हौद किंवा मोठे घमेले असेल तर डोके बाहेर धरून गार पाण्यात बसवावे. यापेक्षा झटपट उपाय नाही. म्हातारे माणूस असेल किंवा तेवढी सोय नसेल तर अंगभर पाणी ओतत राहावे आणि पंखा, पुठ्ठा, सूप, मिळेल त्याने वारा घालावा. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत लावावा. ‘तापलेल्या अंगावर गार पाणी घालू नका, सर्दगर्मी होईल’ असे सांगणारे कोणीतरी गर्दीत हमखास असते. त्याच्याकडे लक्ष देऊ नये, किंवा त्याच्या हातात पुठ्ठा देऊन वारा घालायला लावावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, कांद्याचा रस काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पाणी बाहेरून हवे आहे. गाडी आली तरी वाटेत ओले करणे आणि वारा घालणे थांबवू नये. ॲम्ब्युलन्सच्या खिडक्या उघड्या ठेवायला किंवा एसी पूर्ण सोडायला सांगावे आणि केस किती वाजता कोसळली, तेव्हापासून काय काय केले, हे दारातच डॉक्टरांना सांगावे.